बारा फूट बदकचाल

१४ जुलै २०२५, सोमवार. संध्याकाळी ७.३०

आज निर्णय झाला. मंडळाचा सेक्रेटरी निलेश ऑफिसात माझ्या आवक-जावकच्या टेबलापाशी आला. म्हणाला, यंदा गणपतीत चार सप्टेंबरला स्थानिक कलाकारांची संध्याकाळ ठेवलीय, तुमचा जुना बँड वाजवेल का. विचार करून सांगतो म्हणालो. (विचार आधीच झालेला होता. गेली बत्तीस वर्षं तोच चालू आहे.)

रेकॉर्डसाठी लिहून ठेवतो. १९९३ च्या कॉलेज गॅदरिंगला आमच्या 'द रापण बॉईज'ने मालवणात पहिल्यांदा रॉक वाजवलं. मी लीड गिटार, नेल्सन ड्रम, बाबुश बेस. स्टेज लहान म्हणून शेवटच्या गाण्याला मी खाली प्रेक्षकांत उतरलो आणि बदकचाल केली. इंग्रजीत डक वॉक. एका पायावर उकिडवं बसायचं, दुसरा पाय पुढे टाकायचा आणि गिटार वाजवत टुणटुण पुढे सरकायचं. जगातले मोठमोठे गिटारवाले याच चालीवर टाळ्या घेऊन गेले. मालवणात ती मी आणली. अंतर सुमारे बारा फूट. वायरचा काहीतरी घोळ झाला होता, पण तो तपशील इथे गरजेचा नाही.

त्या दिवशी किशोरी प्रेक्षकांत होती. मागे कुठेतरी. सहा वर्षांनी आमचं लग्न झालं. या दोन घटनांचा संबंध मी कधी बोलून दाखवत नाही, पण तो आहे.

संकल्प: चार सप्टेंबरला पुन्हा बदकचाल. बारा फूट. किशोरीला सरप्राइज. हल्ली ती माझ्याकडे बघते ती फक्त मी टीव्हीच्या आड आलो तर. तिला आधी कळता कामा नये.

१५ जुलै. पहाटे ५.४५

स्लॅबवर पहिला सराव. बसणं अतिशय उत्तम जमलं. उठण्याचा सराव उद्या.

१६ जुलै

काल उठताना टाकीच्या पाइपाची थोडी मदत घेतली. पाइप निखळला. प्लंबरला माकडांनी तोडला म्हणून सांगितलं. माकडांचा त्रास सगळ्या तालुक्याला आहे, त्यामुळे त्याने मान डोलावली. किशोरी मात्र म्हणाली, 'माकडां आता बनियन विसरान जातत काय ओ?' तिच्या बोलण्याचा रोख कळला नाही.

२० जुलै, रविवार

नेल्सनकडे, गावातल्याच मेढ्यात, पहिली रिहर्सल. ड्रमवरचा ताडपत्रीचा तुकडा काढला तर आत मांजरीची तीन पिल्लं. बाबुशच्या बेसला एक तार कमी. तरीही साउंड तोच.

नेल्सनने माझ्यासाठी स्टूल मांडून ठेवलं होतं. म्हणाला, 'दत्त्या, तू बसान वाजय. आता आमची वयां झाली.' मी त्याला बाजूला घेतलं आणि बदकचालीचा बेत सांगितला. फक्त त्याला. त्याने गळ्यातल्या क्रॉसला हात लावून शपथ घेतली की कुणाला सांगणार नाही. मग विचारलं, 'गुडघ्यांका विचारलंस?' जुन्या मित्रालाच असली थट्टा शोभते.

२५ जुलै. श्रावण लागला

आजपासून मासे बंद. वजन सहा किलो कमी करायचं आहे, त्यामुळे हे सोयीचंच झालं. रात्री साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली, कारण ती हलकी असते.

मेडिकलमधून गुडघ्यांच्या कॅपची जोडी आणली. डावा गुडघा बसताना लवंगी फटाका फुटल्यासारखा वाजतो. संध्याकाळी स्वयंपाकघरात कुणी नाही बघून बसलो, तेवढ्यात किशोरी आली. स्क्रू पडलाय म्हणालो. तिने हातातली पळी ठेवली आणि म्हणाली, 'टाच टेकव नुकात. चवड्यार बसा. आणि मान वर. मान खाली गेली काय माणूस खाली जाता.' स्क्रू शोधायला इतकं टेक्निक लागत नाही, हे तिला कोण सांगणार. गप्प बसलो. खरं तर उठता येत नव्हतं.

३१ जुलै

दोन फूट झाले. उरले दहा. पस्तीस दिवस हातात आहेत. गणित बघता ऑगस्टच्या मध्यापर्यंत बारा पूर्ण होऊन पुढे नुसता आराम करावा लागेल.

१ ऑगस्ट

आराम. (डावा गुडघा.)

२ ऑगस्ट

आराम.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सगळं मालवण बंदरावर. निलेश भेटला. म्हणाला, फ्लेक्ससाठी फोटो द्या. मी तयारीनेच गेलो होतो. तो फोटो गेली बत्तीस वर्षं माझ्या कपाटात पॉलिसीच्या कागदांबरोबर आहे. नेल्सनच्या भावाने काढलेला, पोस्टकार्ड साइज. मी उकिडवा, एक पाय पुढे, तोंड उघडं. मान किंचित खाली, कारण मी तल्लीन होतो. उजवा हात अंधारात गेलाय, अर्थात तारांवरच आहे. निलेशला सांगितलं, मोठा कर, सहा बाय दहा. कुणी कंजूसपणा करू नये.

एक गोष्ट खटकली. आमच्यानंतर लगेच आमच्या वाडीतल्या रुक्मिणीवहिनींच्या ग्रुपची फुगडी आहे. रॉकनंतर फुगडी म्हणजे सोलकढी पिऊन झाल्यावर गोळीचं सरबत. मी लेखी हरकत घेणार होतो. मग म्हटलं जाऊ दे, बदकचाल बघितल्यावर फुगडीला कोण थांबणार. बायकांचा हिरमोड होईल, त्याला माझा इलाज नाही.

१२ ऑगस्ट

दुपारी गुडघ्यासाठी हाफ डे टाकून आलो तर घराला कुलूप. किशोरी पाच वाजता आली. घामाघूम. विचारलं खंय गेली होतीस, तर म्हणाली रुक्मिणीकडे, गणपतीची तयारी. गणपतीची तयारी आपल्या घरी करायची असते.

गुडघ्याची एक कॅप सापडत नाही. उजवी.

१३ ऑगस्ट

पुन्हा कुलूप.

१४ ऑगस्ट

पुन्हा.

१७ ऑगस्ट, रविवार

नेल्सनने रिहर्सल रद्द केली. त्याच्या होमस्टेला पाहुणे आलेत म्हणाला. मी सहज पाय मोकळे करायला निघालो आणि सहजच रुक्मिणीवहिनींच्या घरावरून गेलो. बाहेर नेल्सनची स्कूटर. आतून ड्रमचा ठेका. तो थांबला, आणि किशोरी हसायला लागली. तसं हसताना मी तिला कधी ऐकलं ते आठवायला मला कुंपणाला धरून उभं राहावं लागलं.

परत आलो. जेवणार नव्हतो. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं म्हणून चार खाल्ल्या. मला फसवलं गेल्यासारखं वाटतंय. हे इथे लिहितो, बोलणार नाही.

१८ ऑगस्ट

नेल्सनला आडवळणाने विचारलं. तो अजिबात आडवळणाने बोलला नाही. 'रुक्मिणीच्या फुगडेक ठेको धरूक गेललंय. तुझी बायलपण आसा त्यात. तुका सांगूक नाय तिना?' नाही सांगितलं. बत्तीस वर्षांचा ड्रमर, रॉक सोडून फुगडीला ठेका देतो. पाहुणे आले म्हणून मला खोटं सांगतो. आणि किशोरी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, माझ्याच स्टेजवर, माझ्यानंतर, मला न सांगता.

मी तिला काही सांगितलं नव्हतं हे वेगळं. ते सरप्राइज होतं.

फितुरांची यादी: १. डावा गुडघा. २. नेल्सन. ३. किशोरी. बाबुशवर अजून विश्वास आहे, कारण तो काही बोलतच नाही.

२३ ऑगस्ट

सहा फूट. टाकीपासून कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत. दोरी हातात धरून. दोरीवर किशोरीच्या दोन नऊवारी वाळत होत्या. ती नऊवारी नेसल्याला पंधरा वर्षं झाली असतील. काही विचारलं नाही. माझाही स्वाभिमान आहे.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

गणपती आले. भटजींनी पाटावर बसायला सांगितलं, मी खुर्ची घेतली. देवाकडे फक्त एक गुडघा मागितला. दुसऱ्याचं मी बघून घेईन.

२ सप्टेंबर. रात्री ८

आमचे सात दिवसांचे गणपती आज गेले. विसर्जनाच्या वाटेवर बाजाराच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागलेला दिसला. सहा बाय दहा.

मोठा केल्यावर अंधारातलं सगळं उजेडात आलंय. माझा उजवा हात तारांवर नाही. तो एका लोखंडी खुर्चीच्या पायापाशी आहे आणि खुर्चीखाली अडकलेली गिटारची वायर ओढतो आहे. तोंड उघडं आहे ते जोर लावल्यामुळे. खाली मोठ्या लाल अक्षरांत 'मालवणचो बदकचालीचो बादशा'. डोक्यावर गणपती घेतलेली माणसं थांबून बघत होती. मासळीवाल्या तुळसाने विचारलं, 'भावानु, काय हरावललां ता गावला मगे?'

नेल्सनला फोन केला. म्हटलं हे तुझ्या भावाचं काम. तो म्हणाला, 'दत्त्या, तुका खराच ती चाल वाटा होती? मेल्या, वायरच धा फुटांची होती. बारा फूट तू जातलंस खंय?'

मला माहीत होतं का? प्रामाणिकपणे लिहायचं तर हा फोटो मी इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. बघायची गरज वाटली नव्हती. लोक सांगत गेले, म्हणजे मी सांगत गेलो आणि लोक ऐकत गेले.

किशोरी फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं आता हसेल. हसली नाही. म्हणाली नारळ संपलेत, घेऊन या.

आता माघार नाही. तेव्हा केली नसेल तर परवा करीन. तिच्यासमोर. म्हणजे हिशोब जमला.

४ सप्टेंबर. दुपारी ३

सर्व तयारी पूर्ण. वायर पंचवीस फुटांची. स्टेजवर एकही खुर्ची नको, असं निलेशकडून लेखी घेतलं. डाव्या गुडघ्याला कॅप, उजव्याला किशोरीचा जुना स्कार्फ. किशोरी सकाळीच बाहेर गेली. जाताना म्हणाली, 'चवड्यार.' एवढंच. बहुतेक कुठली तरी वस्तू आणायची आठवण असावी.

५ सप्टेंबर. सकाळी १०. (रजा)

अहवाल. पहिली दोन गाणी व्यवस्थित. तिसऱ्यात मी पुढे आलो. मंडपात अर्धं मालवण, आणि फ्लेक्सची चर्चा झालेली असल्याने ते फार लक्ष देऊन बघत होतं. बसलो. पाय पुढे टाकला. एक उडी मारली. अंतर एक फूट, कदाचित सव्वा. मग टाच टेकली, मान खाली गेली आणि डाव्या गुडघ्याने काम थांबवलं.

मी तिथेच उकिडवा राहिलो. हात वाजवत होते, हे नमूद करतो. पण पुढे जाता येईना आणि वर येता येईना. समोरून कुणीतरी ओरडलं, 'वायर गावली काय रे?' मंडप हसला. आयुष्यात मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

नेल्सन थांबला नाही. त्याने ठेका बदलला. तो रॉकचा राहिला नाही, फुगडीचा झाला. आणि विंगेतून किशोरी आली. नऊवारीचा काष्टा मारलेला, उजव्या गुडघ्यावर माझी हरवलेली कॅप. माझ्यासमोर चवड्यांवर बसली, मान वर, आणि बसफुगडीच्या उड्या घ्यायला लागली. एक पाय पुढे, एक मागे. पाठोपाठ रुक्मिणीवहिनी आणि आठ-दहा बायका, सगळ्या बसून, सगळ्या उडत. किशोरी माझ्याभोवती फेरी मारून स्टेजच्या त्या टोकाला गेली आणि परत आली. माझ्या अंदाजाने साठ फूट. धाप नाही. मी मधे बसून साथ करत होतो.

शेवटी तिने माझे दोन्ही हात धरले, फुगडीत धरतात तसे, आणि मला वर ओढलं. मंडप उभा राहिला. मला वाटलं, मी अडकलेला बघून ती धावत आली. डोळ्यात पाणी आलं. गुडघ्यामुळेही असेल.

६ सप्टेंबर

नाही. ती धावत आलेली नव्हती.

निलेश घरी आला. म्हणाला, 'भाऊ, तुमचो अडकून बसण्याचो सीन एक नंबर. वैनीनी सांगितलेल्यान तसोच्या तसो झालो.' कसला सीन, विचारलं. त्याने कार्यक्रमाची हाताने लिहिलेली यादी दाखवली. अनुक्रमांक ७: 'रॉक-फुगडी (दत्तप्रसाद बसल्यावर)'. वर तारीख १० ऑगस्ट. मी कागदावरच्या तारखांचा माणूस आहे. तारीख खोटी नव्हती.

नेल्सनने शपथ घेतली त्याच आठवड्यात किशोरीला सगळं सांगितलं होतं. रुक्मिणीवहिनींच्या अंगणात रोज दुपारी हेच चालायचं. कुठे बसेन, किती उड्या होतील, कुठून यायचं, कसं उठवायचं. रविवारी माझ्या जागी नेल्सन बसायचा. ती हसत होती ती त्याच वेळी. मी सात आठवडे उठण्याचा सराव करत होतो आणि ते तीन आठवडे माझ्या न उठण्याचा.

व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. देवगडहून चुलतभावाचा फोन आला, त्याला वहिनीचा नंबर हवा होता, सत्कारासाठी. व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलंय, 'काकी खतरनाक. मधले काका कोण?' त्यावर उत्तर: 'डेकोरेशन.' त्याला चारशे लाइक. एक लाइक बाबुशचा.

किशोरीशी बोलणं बंद.

७ सप्टेंबर

बंद. आठवडा संपल्यावर तिच्या लक्षात येईल.

८ सप्टेंबर

लक्षात आलेलं नाही. माहेरीही सत्कार होता, त्यासाठी धामापूरला गेली होती. देवीच्या देवळासमोर सगळ्या पोरी लहानपणापासून बसफुगडी घालायच्या, आठ वर्षांची असल्यापासून येते, असं तिने तिथे भाषणात सांगितलं म्हणे. मला छत्तीसगडची राजधानी माहीत आहे आणि हे माहीत नव्हतं.

९ सप्टेंबर. संध्याकाळ

तिनेच विषय काढला. भाजी निवडता निवडता म्हणाली, तोंड कित्याक फुगवलात. मग मी सगळं सांगितलं. तुझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणालो. तुम्ही दोघांनी मिळून माझ्या पाठीत वार केला. आवाज जरा चढला असेल.

ती म्हणाली, 'भरवसो होतो म्हणानच चार वाजल्यापासून नववारी नेसान विंगेत उभी होतंय.' कसला भरवसा, विचारलं. 'तुमी बसतलात ह्येचो. आणि तुमका थांबवूक बघलंय असतंय तर तुमी ऐकलात असतात?'

नसतं ऐकलं. पण तो मुद्दा वेगळा आहे.

मग जे बत्तीस वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, गॅदरिंगला मी चाल केली असं तरी तुला वाटलं होतं ना. मागच्या अंधारातून तसंच दिसलं असणार.

तिने भाजी बाजूला ठेवली. म्हणाली, ती मागे नव्हती, पहिल्या रांगेत होती. 'खुर्ची माझीच ती. तुमी वाकान म्हणालात, बाय, जरा उठतंस? वायर अडाकली. मी आयकलंय. पण उठाक नाय.' का नाही उठलीस, विचारलं. 'उठलंय असतंय तर तुमी गेलात असतात ना मगे.'

मला यातलं काहीच आठवत नाही. टाळ्या आठवतात. बारा फूट आठवतात. ती आठवत नाही.

१२ सप्टेंबर. सकाळी ८

फ्लेक्स पुन्हा एकदा नीट बघायचा म्हणून बाजारात गेलो. उतरवलेला. निलेश म्हणाला नेल्सनने मागून नेला. नेल्सनच्या घरामागे गेलो. त्याने तो चुलीच्या लाकडांवर झाकलाय, अजून पाऊस आहे म्हणून. दोन्ही टोकांना चिरे ठेवलेत. मी पूर्ण आत दुमडलो गेलोय. बाहेर फक्त फोटोचा डावीकडचा खालचा कोपरा आहे.

कोपऱ्यात खुर्चीचा पाय आहे. त्याखाली वायर. आणि खुर्चीच्या पायावर दाबून ठेवलेलं, निळ्या पट्ट्याच्या चपलेतलं एक पाऊल. पैंजणासकट. फोटोत सगळ्यात स्पष्ट तेच आलंय. पोस्टकार्डवर मी तो कोपरा नेहमी अंगठ्याने धरायचो.

पाऊस भुरभुरत होता. मला उकिडवं बसून बघायचं होतं. चवड्यांवर बसलो, मान वर ठेवून. बरंच बसता आलं.

नेल्सन बाहेर आला. त्याला विचारलं, हा फ्लेक्स मला परत मिळेल का. म्हणाला, 'लाकडां भिजतली रे. पावस जांव दी, मगे घेवन जा.' आणि मला उठायला हात दिला.